सेंटर कोर्टावरील दोन पिढ्या



कामगार-चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत टेनिसवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. टेनिस हा बंगलेवाल्यांचा खेळ, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ होता आणि तो सर्वस्वी खोटा होता असेही नाही. मी स्वतः कधी हातात रॅकेट धरलेली नाही. परंतु ह्या खेळाच्या इतिहासात संघटना, बहिष्कार, संपफोडे, कोर्टकचेऱ्या आणि तडजोडी ह्यांचे एक मोठे प्रकरण आहे. ते वाचल्यापासून विंबल्डनचा अंतिम सामना मला निराळाच दिसू लागला. त्या प्रकरणाची हकिकत आज आपणांपुढे ठेवायची आहे.

प्रारंभ एका वादापासून करतो. १६ जुलै २०२३, रविवार. आमच्या युनियनच्या कचेरीतल्या दूरदर्शन संचावर विंबल्डनचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला ३६ वर्षांचा नोव्हाक जोकोविच आणि दुसऱ्या बाजूला २० वर्षांचा कार्लोस अल्काराझ. जोकोविचच्या नावावर त्या दिवशी चार मोठ्या स्पर्धांची २३ विजेतेपदे होती आणि सेंटर कोर्टावर तो २०१३ नंतर एकही सामना हरलेला नव्हता. पहिला सेट त्याने ६–१ असा सहज घेतला. पुढे सामना फिरला, पुन्हा फिरला आणि ४ तास ४२ मिनिटांनी, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेल्यावर, अल्काराझने पाचवा सेट ६–४ असा जिंकला.

कचेरीत तोवर दोन तट पडले होते. निवृत्तीला आलेले सभासद जोकोविचकडे, तरुण पोरे अल्काराझकडे. एक जुने सभासद म्हणाले, “तेवीस विजेतेपदं म्हणजे काय चेष्टा आहे? ह्या पोराला अजून जन्म जायचाय.” त्यावर एक तरुण म्हणाला, “काका, तेवीस ही कालची झाली. आज कोण जिंकलं तेवढं सांगा.” इथपर्यंत ठीक होते. मग काका म्हणाले, “तुम्हांला सगळं आयतं मिळालंय ना, म्हणून तोंड चालतंय.” तो पोरगा कंत्राटी कामगार. तो शांतपणे म्हणाला, “काय मिळालंय काका? तुम्ही कायम झालात. आम्ही नाही झालो.”

त्यानंतर कचेरीत कुणी फारसे बोलले नाही. बोलणे टेनिसवरून कुठे घसरले, हे सर्वांना कळले होते. परंतु त्या पोराचा प्रश्न आणि तो सामना ह्यांचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे, असे मला वाटते. मागल्या पिढीने पुढल्या पिढीला काय दिले, काय दिले नाही, आणि जिंकणारा ज्या भूमीवर उभा राहून जिंकतो ती त्याच्या पायांखाली कोणी आणून ठेवली, ह्या प्रश्नांची उत्तरे टेनिसच्या इतिहासात सापडतात. धावफलकावर मात्र ती सापडत नाहीत.

प्रथम प्रेक्षकांचे पाहू. प्रेक्षक सदैव दुबळ्याच्या बाजूचा असतो, असे म्हणतात. विंबल्डनचा प्रेक्षक बहुधा वयाने थोर असलेल्याच्या बाजूचा असतो. १९५४ च्या अंतिम सामन्यात यारोस्लाव ड्रॉबनी आणि केन रोझवॉल समोरासमोर आले. ड्रॉबनी ३२ वर्षांचा. मायदेश चेकोस्लोव्हाकिया १९४९ मध्ये सोडून आलेला आणि इजिप्तच्या नागरिकत्वावर खेळणारा. आधीचे दोन अंतिम सामने तो हरला होता. रोझवॉल अवघा १९ वर्षांचा, ऑस्ट्रेलियन. लोकांची सारी सहानुभूती ड्रॉबनीकडे होती. तो चार सेटमध्ये जिंकला तेव्हा लोकांनी कोर्ट डोक्यावर घेतले. पोराला काय, पुढे पुष्कळ संधी येतील, असे सर्वांनी धरून चालले.

वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच कोर्टावर तोच रोझवॉल पुन्हा अंतिम सामन्याला उभा राहिला. आता तो ३९ वर्षांचा होता. मध्यंतरी १९५६ आणि १९७० असे आणखी दोन अंतिम सामने तो हरला होता. ह्या खेपेस उपांत्य सामन्यात स्टॅन स्मिथविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही त्याने विजय खेचून आणला होता. समोर होता २१ वर्षांचा अमेरिकन जिमी कॉनर्स. आता लोक रोझवॉलच्या बाजूचे होते. कॉनर्सने त्यांची पर्वा केली नाही. ६–१, ६–१, ६–४ असा सामना संपला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अंतिम सामन्यात त्याने रोझवॉलला ६–१, ६–०, ६–१ असे झोडपले. रोझवॉलला विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद शेवटपर्यंत मिळाले नाही.

आणखी सतरा वर्षे जाऊ द्या. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये हाच कॉनर्स २ सप्टेंबरला, आपल्या ३९ व्या वाढदिवशी, २४ वर्षांच्या ॲरन क्रिकस्टीनशी पाच सेट झुंजला आणि जिंकला. ज्याच्या उद्दामपणावर एके काळी लोक चिडत, त्याच्यासाठी आता सारे प्रेक्षागार उभे राहून ओरडत होते. तरुण रोझवॉलचा म्हातारा रोझवॉल झाला, उद्दाम कॉनर्सचा लाडका कॉनर्स झाला. माणूस तोच, पिढीतली जागा तेवढी बदलली.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. १९५६ च्या अंतिम सामन्यानंतर रोझवॉल विंबल्डनमध्ये पुन्हा उतरला तो १९६८ मध्ये. मधली अकरा वर्षे, म्हणजे २२ व्या वर्षापासून ३३ व्या वर्षापर्यंतची, खेळाडूच्या आयुष्यातली सर्वांत उमेदीची वर्षे तो कोठे होता? दुखापत नव्हती, तुरुंग नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच की, त्याने आपल्या खेळाचे उघडपणे पैसे घेतले.

विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली. तेथे आणि इतर मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. पोटासाठी खेळणे हे सद्गृहस्थाला न शोभणारे मानले जाई. ज्याच्या घरी पोटाची ददात नाही, त्याने हा नियम करणे सोपे होते. प्रत्यक्षात चांगल्या हौशी खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली टेबलाखालून पैसे मिळत. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक आणि नियम करणाऱ्यालाही ठाऊक. पण जो हे पैसे टेबलावर मागेल, त्याला चारही मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद. अशी माणसे मग जॅक क्रेमर ह्याच्यासारख्या खेळाडू-ठेकेदाराच्या फिरत्या दौऱ्यात सामील होत. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. व्यायामशाळेच्या फळ्यांवर, बर्फाच्या कोर्टावर अंथरलेल्या जाजमावर, जिथे तिकिटे खपतील तिथे. क्रेमर स्वतः १९४७ चा विंबल्डन-विजेता होता.

ह्या दौऱ्यातला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे पांचो गोन्झालेस. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला, मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातला मुलगा, बाप रंगारी. शाळा बुडवतो म्हणून मुलांच्या स्पर्धांतून त्याला दूर ठेवले गेले. १९४८ आणि १९४९ अशी दोन वर्षे तो अमेरिकेचा विजेता झाला आणि २१ व्या वर्षी धंदेवाईक बनला. पहिल्याच दौऱ्यात क्रेमरने त्याला ९६ सामन्यांत हरवले. त्याने जिंकले २७. पुढे मात्र कित्येक वर्षे त्याला तोड नव्हती. तरीही करारात बांधला गेल्यामुळे त्याला मिळे थोडे. आणि नव्याने दाखल होणाऱ्या हौशी विजेत्याला हमी मिळे त्याच्या कितीतरी पट. आपल्याला हा प्रकार अपरिचित नाही. जुना कामगार यंत्र चालवतो आणि पगार ठरतो तो बाहेरून येणाऱ्या माणसाच्या नावावर. गोन्झालेस चिडका होता, एकलकोंडा होता, असे सगळे सांगतात. तो तसा का झाला, हे सांगणारे थोडे.

आता कचेरीतल्या त्या २३ च्या आकड्याकडे वळा. पुढे तो २४ झाला. नदालचे २२, फेडररचे २०. हे आकडे खरे आहेत आणि त्यांना मी कमी लेखत नाही. पण चाहते जेव्हा हे आकडे घेऊन मागल्या पिढ्यांशी तुलना करू लागतात, तेव्हा तराजूच फसवा असतो. रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, मग पाच वर्षे त्याला त्या चारही स्पर्धा बंद होत्या, आणि परत आल्यावर १९६९ मध्ये त्याने पुन्हा एकाच वर्षात चारही जिंकल्या. त्याच्या नावावर ११. गोन्झालेसच्या नावावर २. ज्याला गिरणीच्या दारात उभेच करून घेतले नाही, त्याच्या हजेरीपटावर खाडे मोजण्यासारखे हे आहे.

हे दार उघडले कसे? ऑगस्ट १९६७ मध्ये विंबल्डनच्याच हिरवळीवर, बी.बी.सी.च्या साहाय्याने, आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा भरली. लेव्हरने अंतिम सामन्यात रोझवॉलला हरवले. लोकांनी भरभरून गर्दी केली आणि खरा खेळ कोठे आहे हे सर्वांना दिसले. विंबल्डनचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड हे आधीपासूनच हौशीपणाच्या ह्या सोंगाला कंटाळले होते. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटनच्या टेनिस-संस्थेने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच मोडीत काढला आणि मार्च १९६८ मध्ये पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय संस्थेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. पहिली खुली स्पर्धा एप्रिलमध्ये बोर्नमथ येथे झाली. तेथे मार्क कॉक्स नावाच्या ब्रिटिश हौशी खेळाडूने गोन्झालेसला पाच सेटमध्ये हरवून खळबळ उडवली. स्पर्धा जिंकली रोझवॉलने. त्या वर्षीच्या विंबल्डनमध्ये लेव्हरला २,००० पौंड मिळाले. स्त्रियांच्या विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

गोन्झालेसपुढे विंबल्डनचे दार उघडले तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. १९६९ च्या पहिल्याच फेरीत त्याची गाठ पडली २५ वर्षांच्या चार्ली पॅसारेलशी. तेव्हा टायब्रेक नव्हता. पहिला सेट पॅसारेलने २४–२२ असा घेतला. अंधार पडू लागला तेव्हा गोन्झालेसने खेळ थांबवण्याची मागणी केली. ती नाकारली गेली. संतापून त्याने दुसरा सेट जवळजवळ सोडून दिला आणि तो बाहेर पडताना लोकांनी त्याची हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत आला. १६–१४, ६–३, ११–९. पाचव्या सेटमध्ये पराभवाच्या उंबरठ्यावरून तो सात वेळा मागे फिरला. एकूण ११२ गेम, ५ तास १२ मिनिटे. आदल्या संध्याकाळी ज्यांनी हुर्यो केली त्यांनीच त्याला उभे राहून निरोप दिला. ४१ वर्षांचा माणूस पंचविशीतल्या माणसाला पुरून उरला, असे आपण म्हणतो. मला त्या पाच तासांत अठरा बंद वर्षांचा हिशेब दिसतो.

दार उघडले तरी घर आपले होत नाही, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. खेळाडू आता उघडपणे कमावू लागले; पण कोणी कोठे खेळावे, कोणाला बंदी घालावी, हे ठरवणारे तेच जुने कारभारी होते. म्हणून सप्टेंबर १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेच्या वेळी पुरुष खेळाडूंनी आपली संघटना उभारली. दक्षिण आफ्रिकेचा क्लिफ ड्रायस्डेल अध्यक्ष झाला आणि कार्यकारी संचालक म्हणून काम पाहू लागला तोच जॅक क्रेमर. कालचा ठेकेदार आज युनियनच्या कचेरीत बसला. इतिहासात असे होते. त्याला इलाज नाही.

संघटनेची परीक्षा वर्षाच्या आत आली. निकोला पिलिच हा युगोस्लाव्ह खेळाडू. न्यूझीलंडविरुद्धच्या डेव्हिस कप सामन्यात खेळण्याचे कबूल करून तो आला नाही, असा त्याच्या देशाच्या संस्थेचा आरोप होता. पिलिचने तो नाकारला. त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. आंतरराष्ट्रीय संस्थेने ती एक महिन्यावर आणली. परंतु तो महिना नेमका विंबल्डनचा. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. तेथेही पिलिचला दाद मिळाली नाही. आता संघटनेने ठरवायचे होते: एका माणसासाठी सर्वांनी विंबल्डन सोडायचे की नाही?

अखेरच्या बैठकीत मते समसमान पडली. बहिष्काराच्या बाजूने क्रेमर, आर्थर ॲश आणि जिम मॅकमॅनस. विरुद्ध स्टॅन स्मिथ, जॉन बॅरेट आणि बोर्नमथला गोन्झालेसला हरवणारा मार्क कॉक्स. अध्यक्ष ड्रायस्डेल तटस्थ राहिला, म्हणून आधीचा बहिष्काराचा निर्णय कायम झाला. श्रोतेहो, येथे एका माणसाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. स्टॅन स्मिथ हा १९७२ चा विंबल्डन-विजेता. गमवायचे सर्वांत जास्त त्याच्याकडे होते. त्याने विरुद्ध मत दिले. आणि ठराव झाल्यावर विजेतेपद टिकवण्याची संधी सोडून तोही सर्वांबरोबर बाहेर राहिला. संघटनेत तीस वर्षे काढल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो की, आपल्या मताविरुद्धचा ठराव पाळणाऱ्या सभासदावरच संघटना उभी असते. घोषणा देणारे पुष्कळ मिळतात.

एकूण ८१ खेळाडूंनी माघार घेतली. त्यांत ३८ वर्षांचा रोझवॉलही होता. अकरा वर्षे बाहेरच्यांनी दार लावून घेतले होते. ह्या वर्षी त्याने ते आपल्या हाताने लावले. जे खेळले त्यांत नास्तासे होता, कॉनर्स होता, १७ वर्षांचा स्वीडिश मुलगा ब्यॉर्न बोर्ग होता आणि ब्रिटनचा रॉजर टेलर होता. टेलर हा शेफील्डच्या पोलाद-कामगाराचा मुलगा आणि संघटनेचा सभासद. तो कोर्टावर आला तेव्हा स्वदेशी लोकांनी त्याचे टाळ्यांच्या गजरात स्वागत केले. संघटनेने पुढे त्याला आणि नास्तासेला दंड केला. वर्तमानपत्रे खेळाडूंवर तुटून पडली होती. ती पैशाला चटावलेली माणसे आहेत, असा एकूण सूर. त्या वर्षी तीन लाखांवर लोक स्पर्धेला आले आणि यान कोडेस विजेता झाला. म्हणजे बाहेरून पाहता बहिष्कार फसला. प्रत्यक्षात त्यानंतर खेळाडूंना न विचारता कारभार चालवणे कोणालाच शक्य राहिले नाही. गाडी रिकामी धावली नाही म्हणून संप फुकट गेला, असे समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण आहे.

आता कॉनर्सकडे पुन्हा येऊ. तो संघटनेचा सभासद कधी झाला नव्हता. १९७४ साली त्याने १०३ सामन्यांपैकी ९९ जिंकले. त्या वर्षी अमेरिकेतल्या सांघिक लीगशी करार केल्याबद्दल त्याला फ्रेंच स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. त्यावरून त्याच्या बाजूने संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध दावे दाखल झाले. १९७५ मध्ये संघटनेचा अध्यक्ष होता आर्थर ॲश. कॉनर्स देशासाठी डेव्हिस कप खेळत नाही, ह्यावर त्याने टीका केली. तेव्हा विंबल्डनच्या तोंडावर त्याच्यावरही बदनामीचा दावा लागला. आणि ५ जुलै १९७५ रोजी अंतिम सामन्यात वादी आणि प्रतिवादी जाळीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

ॲश हा व्हर्जिनियातील रिचमंडचा. काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या मैदानाचा रखवालदार हा त्याचा बाप. त्या मैदानावरच तो खेळ शिकला. गोन्झालेस हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श. १९६८ मध्ये अमेरिकेची पहिली खुली स्पर्धा त्याने हौशी म्हणून जिंकली. त्यामुळे १४,००० डॉलरचे बक्षीस गेले हरलेल्या टॉम ओक्करला आणि विजेत्याच्या हाती पडला रोजचा भत्ता. जुनी आणि नवी व्यवस्था एकाच कोर्टावर कशी उभी होती, हे ह्यावरून कळेल. १९७५ साली त्याचे वय ३१ होते, बत्तिसावे लागायला पाच दिवस कमी. कॉनर्स २२ वर्षांचा आणि त्या स्पर्धेत एकही सेट न गमावता आलेला. ॲशचा दारुण पराभव होणार, असे सगळे धरून चालले होते.

ॲशने मित्रांशी मसलत केली. त्यांत पॅसारेलही होता. सहा वर्षांपूर्वी गोन्झालेसकडून धडा घेतलेला. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडतो. समोरच्याचा जोर घेऊन तो दुप्पट जोराने परत करतो. तेव्हा त्याला जोरच द्यायचा नाही असे ठरले. ॲश आयुष्यभर जोराने खेळलेला माणूस. त्या दिवशी त्याने चेंडू संथ ठेवला, कॉनर्सच्या फोरहँडकडे खाली ठेवला, सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात वळवली, आणि कॉनर्स पुढे आला की डोक्यावरून उंच चेंडू टाकला. बाजू बदलण्याच्या वेळी तो डोळे मिटून स्वस्थ बसे. पहिले दोन सेट ६–१, ६–१. तिसरा कॉनर्सने ७–५ घेतला. चौथा ॲशने ६–४. विंबल्डनच्या पुरुष एकेरीचा तो पहिला काळा विजेता. दावे पुढे मागे घेतले गेले.

हा सामना सांगताना माझ्यासारख्याला मोह होतो की, ॲशला नायक करावे आणि कॉनर्सला संपफोड्या. फार दिवस मी तसेच सांगत असे. परंतु वस्तुस्थिती पाहता कॉनर्स सभासदच नव्हता. त्याने शब्द मोडला नाही. संघटनेने मिळवलेल्या कमाईचा वाटा त्याने घेतला, हे खरे. पण असा वाटा न घेणारा कोण आहे? आणि मोठी माणसे आपल्याला न विचारता आपल्यासंबंधी ठरवतात, हा तरुणाचा राग सर्वस्वी चुकीचा होता काय?

कारण मागल्या पिढीचे दुसरे अंग अजून सांगायचे राहिले आहे. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेत्याला १,५०० असे बक्षीस ठरले होते. त्या स्पर्धेचा चालक कोण? जॅक क्रेमर. हौशीपणाच्या ढोंगाविरुद्ध आयुष्य घालवलेला, तीन वर्षांनी पिलिचसाठी विंबल्डनशी झुंजणारा तोच क्रेमर. बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी ह्यूस्टनमध्ये प्रत्येकी एका डॉलरच्या प्रतीकात्मक करारावर सह्या करून आपला स्वतंत्र मार्ग धरला. पुरुषांच्या संघटनेत स्त्रियांना जागा नव्हती. म्हणून जून १९७३ मध्ये लंडनमध्ये त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. त्याच महिन्यात, त्याच शहरात पुरुष खेळाडू न्यायासाठी बहिष्काराची तयारी करत होते. अमेरिकेच्या स्पर्धेने त्याच वर्षी दोघांचे बक्षीस सारखे केले. विंबल्डनला ते करायला २००७ साल उजाडले.

आणि पुरुषांच्या संघटनेचे काय झाले? १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेच्या वेळी, आत जागा मिळाली नाही म्हणून, तिने मोटारी लावायच्या जागेत पत्रकार बोलावून आपला स्वतंत्र दौरा जाहीर केला. १९९० मध्ये तो सुरू झाला. परंतु त्याच्या कारभारात निम्मे प्रतिनिधी खेळाडूंचे आणि निम्मे स्पर्धा भरवणाऱ्यांचे. म्हणजे युनियन आणि मालक एकाच मेजाभोवती, एकाच नावाने. वरच्यांना त्यातून पुष्कळ मिळाले. खालच्या क्रमांकांवर खेळणारे, स्वखर्चाने गावोगाव फिरणारे खेळाडू विचारू लागले की, आमचे कोण? २०२० मध्ये खेळाडूंची नवी, वेगळी संघटना काढण्यात पुढाकार घेतला तो नोव्हाक जोकोविचने. पहिल्या क्रमांकावर असलेल्या माणसाला त्याची स्वतःसाठी काही गरज नव्हती.

जोकोविच बारा वर्षांचा असताना म्यूनिकजवळच्या एका टेनिस-शाळेत शिकायला गेला होता. त्या शाळेचा चालक होता निकोला पिलिच. ज्या एका माणसासाठी ८१ जणांनी विंबल्डन सोडले, त्याच्या हाताखाली हा मुलगा तयार झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये पिलिच वारला, वयाच्या ८६ व्या वर्षी. ते ८१ जण कोणासाठी बाहेर राहिले, हे १९७३ साली त्यांना तरी कोठे ठाऊक होते? जोकोविचचा जन्म व्हायला तेव्हा चौदा वर्षे होती.

गोन्झालेसचा शेवट सांगतो. ३ जुलै १९९५ रोजी, विंबल्डनची स्पर्धा चालू असताना, तो लास व्हेगासमध्ये कर्करोगाने वारला. हाती काही उरले नव्हते. त्याच्या अंत्यविधीचा खर्च आंद्रे अगासीने केला. गोन्झालेसची शेवटची पत्नी ही अगासीची बहीण, हे खरे. तरी त्या वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या, लक्षावधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूने त्या खर्चाची रक्कम भरावी, ह्यात मला नात्याहून मोठे काही दिसते. जुन्याने उघडलेल्या दारातून नव्याने जे मिळवले, त्यातला एक लहानसा वाटा जुन्याला पोचला. फार उशिरा पोचला.

तर त्या रात्रीच्या वादाचा मी माझ्यापुरता निकाल लावला तो असा. काका म्हणाले ते अर्धे खरे होते. तो सामना आपण रविवारी निवांत बसून पाहिला. विंबल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना १९८२ पासून रविवारी होतो. पण मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवार मिळाला तो १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवला म्हणून. आयते म्हणतात ते हेच, आणि ते काकांनाही आयतेच मिळाले होते. परंतु पोराने विचारले ते पूर्ण खरे होते. आम्ही शेवटचा करार केला तेव्हा कायम कामगारांची पगारवाढ पदरात पाडून घेतली आणि कंत्राटी कामगारांचे कलम पुढल्या खेपेला ठेवले. त्या करारावर सही करणाऱ्यांत मी होतो. क्रेमरची गोष्ट वाचताना मला ती सही आठवली.

दुसऱ्या दिवशी काका आणि तो पोरगा दोघेही कचेरीत आले. टेनिसचा विषय कोणी काढला नाही. मी नवीन मागणीपत्राचा कागद पुढे ओढला आणि त्या पोराला म्हटले, पहिले कलम तू लिही. त्याने लिहिले. अक्षर वाईट होते. काकांनी ते स्वच्छ करून दिले. ते कलम अजून मान्य झालेले नाही.